‘पा’ आणि म्हातारपणाचं घड्याळ

आपल्या शिवमंदिराची झीज डोळ्यांना दिसते. 1060 सालचा दगड, ऊन-पाऊस सोसून झिजलाय. शरीरही असंच झिजतं, असं आपण सहज धरून चालतो. 2009 चा ‘पा’ हा चित्रपटही तेच धरतो: बारा वर्षांच्या ऑरोचं घड्याळ जोरात धावतंय, एवढंच.

अमिताभचं काम आम्हांला आवडलं. ही उपमा मात्र खटकते. प्रोजेरियाची मुलं बहुधा हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं जातात. कर्करोग त्यांच्यात क्वचितच. वर्नर सिंड्रोममध्ये मात्र कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे घड्याळ एक नाही.

डिस्केराटोसिस कंजेनिटा बघा. यात गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर फारच आखूड असतात. ती झिजली की पेशीचं विभाजन थांबतं; मग कर्करोग टळायला हवा ना? उलट वाढतो. एखाद्या पेशीचा हा ब्रेक निकामी झाला की ती वाढतच राहते. गुणसूत्रांची उघडी टोकं एकमेकांना चिकटतात, तुटतात, जनुकांची मोडतोड होते.

म्हणून ‘लवकर म्हातारपण आलं’ एवढं म्हणून हळहळणं पुरेसं नाही. अशा घराला आजाराचं नेमकं नाव कळायला हवं. कर्करोगाची तपासणी त्यावरच ठरते. उपमेनं डोळे पाणावतात. निदान होत नाही.