साचा आणि डोळे

2015 सालच्या श्रावणात आमच्या नातवाने फर्मान काढले, "आजोबा, यंदा गणपती बाहुबलीवाला हवा." आमच्या चौकच्या घरातला गणपती माझ्या आजोबांपासून पाटावर मांडी घालून बसत आलेला. त्याच्या खांद्यावर एकाएकी शिवलिंग चढवायचे म्हणजे सौभाग्यवतींच्या कपाळावर आठ्या चढणारच. शेवटी निकाल पेणच्या कारखान्यात लावायचे ठरले.

तिथे एक गोष्ट कळली. पडद्यावरच्या कोणाची मूर्ती व्हावी, हे समीक्षक ठरवत नाहीत, साचेवाला ठरवतो. आणि खरे सांगतो, त्याची समीक्षा जास्त कडक असते. पहिली कसोटी अशी की मूर्ती लांबून ओळखता आली पाहिजे. खांद्यावर शिवलिंग, की झाला बाहुबली. पिवळा भंडारा आणि तलवार, की 'जय मल्हार'. आता आमची ही संध्याकाळी ज्या कौटुंबिक मालिका बघते, त्यांतले समस्त पुरुष सदरा-पँट घालून सोफ्यावर बसलेले असतात. त्यांचा गणपती केला तर लोक त्याला हेडक्लार्क समजून अर्ज देतील!

दुसरी कसोटी मुहूर्ताची. 1977 साली अमेरिकेत 'स्टार वॉर्स' आला. त्याच्या बाहुल्या करायला मेगो कंपनीने नकार दिला, केनरने होकार दिला. पण नाताळ आला तरी बाहुल्या तयार होईनात. तेव्हा केनरने पुठ्ठ्याचे पाकीट विकायला काढले, आत बाहुल्यांचा नुसता वायदा! पुढच्या वर्षी बाहुल्या आल्या आणि धो धो खपल्या. आपल्याकडे चौरंगावर पावती ठेवून आरती म्हणता येत नाही. शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या शुक्रवारी उतरला, तर साचा कारखानदाराच्या गळ्यात. मालिका मात्र रोज घरी येते. 'जय मल्हार' 2014 पासून 2017 पर्यंत येत होती. एवढी उसंत साच्याला पुरते.

तिसरी कसोटी घरातली. हट्ट नातवाचा, पैसे आजोबांचे, पण शेवटचा होकार आजीचा. खंडोबा कितीतरी घरांचे कुलदैवत, म्हणून मल्हारी थाटाच्या गणपतीला आज्यांनीही हात जोडले. पुढे 2022 मध्ये 'पुष्पा'च्या ऐटीतले गणपतीही निघाले. मंडळांची हौस फिटली असेल, पण चंदनचोराच्या वेशापुढे आमची ही मोदक ठेवणार नाही.

माझी तक्रार एवढीच, की या तिन्ही कसोट्यांत गोष्ट चांगली की वाईट, हा प्रश्न कुठे येतच नाही. कपडे आणि हत्यार असले म्हणजे झाले. साधा, सज्जन, रिकाम्या हाताचा माणूस साच्याबाहेरच राहतो. उद्या पोरे देवालाही नुसत्या कपड्यांवरून ओळखू लागली, तर दोष कोणाला द्यायचा?

हे व्याख्यान मी नातवाला ऐकवत होतो, पण त्याचे लक्ष नव्हते. कोपऱ्यात एक कारागीर डोळ्यांची आखणी करत बसला होता. बाहुबली, मल्हारी, पाटावरचा, सगळे एका रांगेत. वेश साच्यातून निघालेले, डोळे मात्र प्रत्येकाला हातानेच. नातू बराच वेळ बघत राहिला. मग पाटावरच्याकडे बोट करून म्हणाला, "आजोबा, हा आपल्याकडे बघतोय."

तोच घरी आला. उंदराजवळ मात्र पुठ्ठ्याची तलवार होती. तेवढी तडजोड आजीनेच सुचवली.