'बनगरवाडी'तील बोली आणि निवेदन

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या लघुकादंबरीला 'प्रादेशिक' म्हणून बाजूस सारणे हे समीक्षेच्या आळसाचे लक्षण होय. येथे संवाद माणदेशी, तर राजाराम मास्तराचे निवेदन प्रमाण मराठीत आहे. मेंढरे, घोंगडी, तालीम ही नामे त्यात सहज शिरतात. क्रियापदे मात्र बहुधा शिष्टच राहतात. या अंतरातच मास्तराचा स्वभाव आहे : तो वाडीत रमतो, परंतु वाडीचा होत नाही. अंजीच्या चोळीवरून कारभारी दुरावतो तेव्हा तर बोलणेच खुंटते, आणि त्या अबोल्यातून म्हाताऱ्याचा करारीपणा कोणत्याही वर्णनाहून ठळक उमटतो. (शब्दसूची देऊन बोलीचा अभ्यास आटोपणाऱ्यांनी हा अबोला कोणत्या रकान्यात घालावा?) पुढे दुष्काळात वाडी ओस पडते, बोलणारी माणसेच उठून जातात, आणि मागे मास्तराची प्रमाण मराठी तेवढी उरते.