एकलव्याचा अंगठा आणि वस्तादाचा राखलेला डाव

वाङ्मयातील काही कथा समाजाच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की, त्यांतील शब्द पुन्हा तपासून पाहण्याची गरज कोणासच भासत नाही. एकलव्याची कथा ही अशांपैकी एक होय. शिष्याने गुरूस काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती मुलांस सांगितली जाते, आणि क्रीडांगणावरील बक्षीससमारंभांत वक्ते तिचा दाखला मोठ्या गौरवाने देतात. प्रस्तुत लेखात ही कथा, अलीकडचा एक लोकप्रिय बोलपट आणि आमच्याच भागातील एका मल्लाचे चरित्र, या तिहींचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. क्रीडागुरूच्या सत्तेविषयी या कथांनी आपल्यास काय शिकविले आणि काय शिकवावयाचे टाळले, हे त्यावरून दिसून येईल. विषय केवळ रसग्रहणाचा नाही. महाविद्यालयीन खेळांत शिक्षकाच्या गैरवर्तनाविरुद्ध तोंड उघडणाऱ्या मुलीवर पुढे काय ओढवते, या प्रश्नाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ साली पुऱ्या केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत ती आहे. निषादराजाचा पुत्र विद्या मागावयास आला असता द्रोणांनी त्यास परत पाठविले. त्याने मातीची मूर्ती करून तिच्यापुढे स्वतःच अभ्यास केला. त्याचे कौशल्य पाहून अर्जुन अस्वस्थ झाला आणि ‘माझ्याहून वरचढ शिष्य होणार नाही’ या वचनाची त्याने गुरूस एकांतात आठवण दिली. त्यानंतरच द्रोण एकलव्याकडे गेले व त्यांनी अंगठा मागितला. येथे तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ज्याने शिकविले नाही, त्याने दक्षिणा मागितली. ती मागण्याचे कारण आवडत्या शिष्याचा अग्रक्रम हे होते. आणि त्या मागणीस व्यासांनी लाविलेले विशेषण ‘दारुण’ हे आहे. अंगठा गेल्यावर एकलव्याच्या बाणाचा वेग मंदावला आणि अर्जुनाच्या मनाचा ताप उतरला, हेही कवीने लपविले नाही. महाभारतकार द्रोणांचा वकील नाही. तो साक्षीदार आहे. आमच्या कथनकारांनी मात्र ते विशेषण गाळले, अर्जुनाची एकांतातील तक्रार गाळली, आणि उरलेल्या रक्ताळलेल्या अंगठ्यास भक्ती हे नाव दिले.

सातारा-सांगलीकडील वाचकांस गुरूची सत्ता पुराणांतून शिकण्याचे कारण नाही. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने हे सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. कृष्णाकाठच्या गावोगावी तालमी आहेत, आणि वस्तादाच्या शब्दावर जोर-बैठका काढीत वाढलेल्या पिढ्या आहेत. वस्ताद सगळे डाव शिकवितो, पण एक डाव राखून ठेवतो, असे या भागात म्हटले जाते. म्हणीत विनोद आहे, तसे शहाणपणही आहे. पठ्ठा उद्या उलटला तर गुरूपाशी काही असावे! परंतु जुन्या तालमीत या राखलेल्या डावाला मर्यादा होती. वस्तादाशी न पटले तर पठ्ठ्यास दुसऱ्या तालमीची वाट मोकळी असे, आणि यात्रेच्या फडात कोण चीत झाला हे हजारो डोळ्यांसमोर ठरत असे. तेथे वस्तादाची मर्जी कुस्तीचा निकाल बदलू शकत नव्हती.

महाविद्यालयात ही मर्यादा उरलेली नाही. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील महाविद्यालये कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांबरोबर १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छायेत वाढली. खेळाडूने विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरावयाचे ते महाविद्यालयाच्या द्वारानेच. संघाची यादी, प्रवेशपत्रावरील सही, सरावाची वेळ, प्रमाणपत्राची शिफारस, ही सर्व एकाच हाती एकवटतात. मध्येच महाविद्यालय बदलावे, तर वर्ष जाते. जुन्या वस्तादाने एक डाव राखला होता. नव्या प्रशिक्षकाच्या हाती सारा फडच आला आहे.

हा फड किती मोलाचा झाला आहे, हेही पाहावे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली. स्मृती मानधना सांगलीत लहानाची मोठी झाली. माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या दुष्काळी तालुक्यांतील एखाद्या मुलीस या नावांत स्वतःच्या घराचे भवितव्य दिसते. अशा मुलीशी प्रशिक्षकाने अभद्र वर्तन केले, तर ती काय करील? तक्रार केली तर संघातून नाव जाईल. न केली तर अब्रू आणि मनःशांती जाईल. अंगठा दोन्ही बाजूंनी तिचाच मागितला जातो.

आता बोलपटाकडे वळू. २०१६ सालचा ‘दंगल’ हा चित्रपट महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, आणि मुलींस आखाड्यात आणणारा म्हणून त्याचे कौतुक झाले ते वावगे नव्हते. परंतु त्यातील प्रशिक्षकांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. एक प्रशिक्षक बाप आहे. तो मुलींचे केस कापतो, त्यांच्या इच्छेस विचारीत नाही, आणि पटकथा त्यास अखेर धन्य ठरविते. दुसरा राष्ट्रीय शिबिरातील प्रशिक्षक. तो हेकट व मत्सरी असून अंतिम कुस्तीच्या वेळी बापास खोलीत कोंडून ठेवतो. ही कोंडण्याची घटना कल्पित आहे. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने सुवर्णपदक मिळविले, त्यात असे काही घडले नव्हते. कल्पनेस आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्या नीतीवर. दोघांचीही सत्ता अमर्याद आहे, पण एक सज्जन आणि दुसरा दुर्जन, म्हणून एकीचा जयजयकार व दुसरीचा धिक्कार करून प्रेक्षक समाधानाने घरी जातो. शिष्येने दाद मागावी असे एखादे स्थान असावे, हा विचार पटकथाकारास शिवत नाही. दुष्ट गुरूवर उपाय म्हणजे चांगला गुरू, एवढेच त्याचे उत्तर आहे.

वास्तवाने या उत्तराची कसोटी लवकरच पाहिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच फोगट घराण्यातील विनेश, तसेच साक्षी मलिक, बजरंग पुनिया इत्यादी मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले. पोलिसांनी गुन्हा नोंदविला तो एप्रिलअखेर, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्यावर. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचे स्वतंत्र प्रकरण २०२५ मध्ये बंद झाले. खऱ्या-खोट्याचा निवाडा न्यायालयाचा आहे, आमचा नाही. परंतु ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेल्या स्त्रीसही आपले म्हणणे ऐकविण्यास रस्त्यावर बसावे लागले, हे तर सर्वांनी पाहिले. मग ज्या मुलीजवळ विद्यापीठाच्या गणवेशापलीकडे काहीच नाही, तिचे काय?

सूडाचे स्वरूप समजून घेण्यास रुचिका गिरहोत्रा हिच्या प्रकरणाइतके दुःखद उदाहरण आपल्या देशात दुसरे नसेल. चौदा वर्षांच्या या टेनिसपटूने १९९० साली हरियाणाच्या टेनिस संघटनेचे अध्यक्ष व पोलीस अधिकारी राठोड यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. त्यानंतर शाळेतून तिचे नाव कमी झाले. भावावर मोटारचोरीचे खटले भरले गेले, ते पुढे टिकले नाहीत. १९९३ च्या डिसेंबरात तिने जीव दिला. राठोड दोषी ठरले ते २००९ मध्ये, आणि प्रथम झालेली शिक्षा होती सहा महिन्यांची. केवळ आपल्याकडेच असे घडते, असेही नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाने आपल्या क्रीडावैद्याने छळलेल्या शेकडो स्त्रियांस २०१८ साली पन्नास कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मुलींच्या आरंभीच्या तक्रारी तेथेही वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतल्या नव्हत्या.

येथे आम्हांस आमच्या मुख्य मुद्द्याकडे यावयाचे आहे. खेळातील सूड क्वचितच उघड रूपाने येतो. तो निवडीचे रूप घेऊन येतो. ‘तिचा सराव कमी पडला’, ‘संघाचा समतोल पाहावा लागतो’, या वाक्यांस खोटे कसे ठरवावे? अंगठा कापल्याचे दिसते. यादीत नाव नसल्याचे दिसत नाही. म्हणूनच कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांचे चरित्र आम्ही येथे आठवतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मद्रास येथे झालेल्या निवडीत आपणांस जाणूनबुजून एका गुणाने मागे ठेवले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. फेरकुस्ती झाली, जाधवांनी प्रतिस्पर्ध्यास चीत केले, आणि हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

हे चरित्र सांगताना आपण सर्वजण प्राचार्य खर्डेकरांनी प्रवासखर्चासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांस गहाण टाकले, या प्रसंगी थांबतो आणि डोळे पुसतो. ते योग्यच आहे. द्रोणांनी शिष्याचा अंगठा घेतला, खर्डेकरांनी शिष्यासाठी आपले छप्पर दिले. परंतु फेरकुस्तीचा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो, ही आमची तक्रार आहे. घर गहाण टाकूनही, फेरकुस्ती झाली नसती तर ते पदक आले नसते. गुरूचा त्याग हा भाग्याचा विषय आहे. फेरकुस्ती हा हक्काचा विषय असावयास पाहिजे. खाशाबांसाठी तोही भाग्याचाच ठरला, कारण वर एक ऐकणारा महाराज बसला होता.

आज महाराज नाहीत, कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने क्रीडासंस्था व क्रीडांगणे ही स्पष्टपणे कामाच्या ठिकाणांत धरली. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी विद्यार्थिनीस अंतर्गत समितीकडे दाद मागण्याचा मार्ग दिला व तक्रारदारास आणि साक्षीदारास सूडापासून संरक्षण देण्याचे बंधन संस्थांवर घातले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडान्यायाधिकरणाचीही तरतूद केली. असे असूनही २०२० साली एका इंग्रजी दैनिकाने प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे भारतीय क्रीडा प्राधिकरणात दहा वर्षांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी झाल्या, आणि त्यांतील २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. समिती गैरवर्तनाची चौकशी करील. पण तोवर संघ स्पर्धेस जाऊन परतही येईल. यासाठी महाविद्यालयाने निवडीचे निकष चाचणीपूर्वी फलकावर लावावेत. वेळ, अंतर व गुण लिहून जाहीर करावेत. ज्याच्यावर तक्रार आहे त्याने त्या खेळाडूच्या निवडीस बसू नये. आणि वगळलेल्यास संघ निघण्यापूर्वी फेरचाचणी मागता यावी. यांत पैशाचा खर्च जवळजवळ नाही. सोडावा लागेल तो राखलेला डाव.

कोणी म्हणेल, अशाने शिस्त जाईल, आणि खोट्या तक्रारींस ऊत येईल. आम्हांस तसे वाटत नाही. कठोर प्रशिक्षक पहाटे पाचला मैदानावर बोलावील, चूक झाल्यास पुन्हा धावावयास लावील. या कठोरपणास लेखी निकषांची भीती नाही. उलट, ज्याच्या निवडीस कागदाचा आधार आहे, त्या सच्छील शिक्षकावर सूडाचा खोटा आळ टिकणार नाही. प्रकाशात फड भरला की सज्जन वस्तादाचीच शोभा वाढते.

तेव्हा बक्षीससमारंभाच्या वक्त्यांस व बालवाङ्मयाच्या लेखकांस आमची एवढीच विनंती आहे की, एकलव्याची कथा त्यांनी सांगू नये असे नव्हे. ती पुरी सांगावी. अर्जुनाचे एकांतातील बोलणे सांगावे, द्रोणांचे वचन सांगावे, आणि व्यासांनी घातलेले ते एक विशेषण जागच्या जागी ठेवावे. आणि तिच्यामागोमाग गोळेश्वरच्या पैलवानाची फेरकुस्ती सांगावी. त्या दोन्ही कथा ऐकून वाढलेली मुलगी गुरूस वाकून नमस्कार करील; आपला अंगठा मात्र धनुष्याच्या दोरीवरच ठेवील.