योएलची भविष्यवाणी आणि केडगाव : अभिधा की लक्षणा?

बायबलमधील भविष्यवाण्या शब्दशः घ्याव्यात की रूपक म्हणून, हा वाद आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य परिभाषेतच मांडला जातो. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमधील १९०५ चे धर्मजागरण अभ्यासताना ही परिभाषा अपुरी पडते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने अग्नीच्या बाप्तिस्म्याचे भाकीत केले होते. केडगावी एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणावयास धावली, अशी नोंद तत्कालीन वृत्तान्तांत आहे. मम्मटाच्या मते मुख्यार्थाला बाध आल्यावाचून लक्षणा प्रवृत्त होत नाही. येथे तर पाणी ओतण्याच्या क्षणापर्यंत बाधच नव्हता!

या वाचनाला भाबडेपणा म्हणणे प्रस्तुत लेखिकेस मान्य नाही. योएलच्या ग्रंथात (२:२८) पुत्रांबरोबर कन्याही ईश्वरी संदेश सांगतील, असे वचन आहे. 'कन्या' हा शब्द आलंकारिक ठरविला की, स्त्रियांना मौनात ठेवणे सोयीचे होते. बालविधवा व दुष्काळातून आलेल्या अनाथ मुलींनी तो शब्दशः घेतला आणि जाहीर प्रार्थनेचा, उपदेशाचा अधिकार स्वतःकडे घेतला. त्यांच्या मार्गदर्शक रमाबाई संस्कृत पंडिता होत्या. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अभिधा व लक्षणा यांतील भेद त्यांना कोणी शिकवावा?