नावासाठी थांबलेला नियम

रोपवाटिकेतून आणलेले रोप टवटवीत दिसले, की ते निरोगी आहे असे आपण धरून चालतो. आयातीचे नियम करणारेही पुष्कळदा तसेच धरून चालतात. ब्रिटनमधील अ‍ॅश वृक्षांची हकिकत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

अ‍ॅश हा आपल्या जाई-जुईच्या कुळातला, पण उंच वाढणारा वृक्ष. १९९२च्या सुमारास पोलंडमध्ये ही झाडे शेंड्याकडून वाळताना दिसू लागली. त्यामागच्या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडले. ही बुरशी गळलेल्या पानांच्या देठांवर तग धरते. उन्हाळ्यात तेथे इवल्याशा पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यांतले बीजाणू वाऱ्याने ताज्या पानांवर बसतात आणि बुरशी पानातून फांदीत शिरते. फांदीची साल चहूबाजूंनी मेली, की वरचा भाग वाळून जातो.

२००९ मध्ये संशोधकांनी या छत्र्या ‘हायमेनोस्किफस अल्बिडस’ या बुरशीच्या आहेत असे ठरवले. ही बुरशी युरोपात एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती आणि निरुपद्रवी समजली जात होती. ती ब्रिटनमध्येही होती. त्याच वर्षी तेथील रोपवाटिका-व्यावसायिकांच्या संघटनेनेच सरकारला अ‍ॅशच्या रोपांची आयात थांबवण्याची सूचना केली. त्यावर सरकारची भूमिका अशी, की जी बुरशी देशात आधीपासून आहे तिच्यासाठी बंदी घालता येत नाही!

पुढे जनुकीय तपासणीतून कळले, की रोग करणारी बुरशी दिसायला अल्बिडससारखीच, पण जातीने निराळी आहे. ती मूळची पूर्व आशियातली. तेथील अ‍ॅशला तिचा फारसा त्रास होत नाही. आज तिचे नाव ‘हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनिअस’ असे आहे. ओळख दुरुस्त झाली, तरी रोपे येतच राहिली. २०१२च्या आरंभी बकिंगहॅमशायरमधील एका रोपवाटिकेत, नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर रोग सापडला. ऑक्टोबरमध्ये तो नॉर्फकच्या रानात दिसला. बंदी आली २९ ऑक्टोबर २०१२ रोजी. रोग काही ठिकाणी २००४-०५ पासूनच असल्याचे पुढे झाडांच्या अभ्यासातून दिसून आले.

दोष कोणाचा? शास्त्रज्ञांचा आहे, असे आम्हांला वाटत नाही. चूक झाली आणि वर्ष-दोन वर्षांत तपासणीने ती सुधारली. विज्ञान असेच पुढे जाते. आमचा आक्षेप नियमाच्या रचनेवर आहे. यादीत नाव असेल तरच अटकाव, अशी ही रचना. म्हणजे रोग नवा असेल, तर त्याला दार उघडेच! झाडे मरत आहेत हे दिसत असताना नावाची वाट कशासाठी पाहायची?

यावर एक आक्षेप रास्त आहे. बीजाणू समुद्र ओलांडून वाऱ्यानेही आले असावेत. तेव्हा बंदीने रोग पुरता टळला नसता. पण वारा किनाऱ्याकडून हळूहळू आत सरकतो. रोपांची गाडी एका दिवसात देशाच्या मध्यावर पोचते. मिळालेला वेळही मोलाचा असतो. या रोगामुळे ब्रिटनला शंभर वर्षांत सुमारे १५ अब्ज पौंडांचा फटका बसेल, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला.

युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ पासून अ‍ॅशसह अनेक प्रजातींची रोपे बाहेरून आणण्यास, धोक्याचे मूल्यमापन होईपर्यंत, मनाई केली. मात्र संघातल्या देशांमधला व्यापार मोकळाच राहिला, आणि ब्रिटनमध्ये सापडलेली रोपे तर शेजारच्याच देशातून आली होती. आपल्या २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाची दिशा आम्हांला अधिक योग्य वाटते. परिशिष्टांत नसलेली वनस्पती धोक्याचे विश्लेषण झाल्याशिवाय आणता येत नाही, आणि लागवडीची कित्येक रोपे आल्यावर काही काळ वेगळी ठेवावी लागतात. अर्थात परदेशाहून येताना कोणी हौसेने पिशवीत फांदी घातली, तर हा आदेश कागदावरच राहतो.

वर्गीकरण शिकवताना ‘ही लांबलचक नावे कशाला?’ असे मुले विचारतात. त्या वेळी अल्बिडस आणि फ्रॅक्सिनिअस या जोडीची गोष्ट जरूर सांगावी. आणि नाव ठरेपर्यंत काय करायला हवे होते, हे मुलांनाच विचारावे.