पहिल्या क्रमांकाचे शहर आणि खालच्या अंगाचे गाव

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाने १३ ऑगस्ट २०१८ रोजी देशातील १११ शहरांची एक क्रमवारी जाहीर केली. तीत पुण्याचा क्रमांक पहिला होता, नवी मुंबईचा दुसरा आणि बृहन्मुंबईचा तिसरा. 'ईज ऑफ लिव्हिंग इंडेक्स' हे या क्रमवारीचे नाव. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ 'जगण्यातील सुलभता' एवढाच होतो. पण लोकांपर्यंत पोहोचेतो त्याचे 'राहायला सर्वांत चांगले शहर' असे रूपांतर झाले. पुणेकरांना या निकालाचे फारसे आश्चर्य वाटले नसावे.

त्याच पुण्यापासून रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर पूर्वेला दौंड आहे. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती ४९ हजारांच्या आसपास होती. स्मार्ट सिटी योजनेतील शहरे आणि दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे एवढीच यादीत घेतलेली असल्याने दौंडचे नाव तीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही या क्रमवारीची परीक्षा आम्ही दौंडला उभे राहून करणार आहोत. पुण्यातून जे दिसत नाही ते येथून बरेच स्पष्ट दिसते.

आधी या कामाचे श्रेय देऊ. २०१८ च्या निर्देशांकात ७८ निकष होते आणि ते १५ गटांत विभागले होते : कारभार, शिक्षण, आरोग्य, सुरक्षितता, घरे, मोकळ्या जागा, वाहतूक, पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, वीज, प्रदूषण वगैरे. या गटांचे चार खांब केले आणि प्रत्येक खांबाचे वजन उघड सांगितले. भौतिक सुविधांना ४५, संस्थात्मक कारभाराला २५, सामाजिक बाबींना २५ आणि आर्थिक बाबींना ५. नगरपालिकांनी आपली आकडेवारी गोळा करून मांडावी, ही सवयही त्यातून लागली. हे काम लहान नाही. 'आमचे गाव छान', 'तुमचे गाव भिकार' अशा गप्पांपेक्षा निकषांची यादी केव्हाही बरी, कारण यादीशी भांडता येते.

आता भांडू या. पहिली अडचण वजनांची. समजा, 'अ' शहराला सुविधांत ८० आणि रोजगारात ४० गुण आहेत. 'ब' शहराला सुविधांत ६० आणि रोजगारात ७५. सुविधांना ९० टक्के आणि रोजगाराला १० टक्के वजन दिले, तर 'अ'चे ७६ गुण होतात व 'ब'चे ६१.५. दोन्हींना सारखे वजन दिले, तर 'अ'चे ६० आणि 'ब'चे ६७.५. शहरे तीच, आकडे तेच, क्रम मात्र उलटा. सुविधांचे वजन किती असता दोघांची बरोबरी होते, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर ६४ टक्क्यांच्या किंचित खाली येते. म्हणजे त्या रेषेच्या अलीकडे 'ब' पहिला आणि पलीकडे 'अ'. ती रेषा कोणत्या निसर्गनियमाने ठरते? कोणत्याच नाही. मंत्रालयाने आर्थिक बाबींना पाचच गुण का दिले याची कारणे असतील, पण ती धोरणाची कारणे आहेत, मोजमापाची नव्हेत. रोजगारासाठी रोज पहाटे घर सोडणाऱ्या माणसाने वजने ठरवली असती, तर ती नक्कीच वेगळी असती.

दुसरी अडचण मोजपट्टीची. लिटर, तास, टक्के, गुन्हे यांची बेरीज करायची तर सर्वांना एका पट्टीवर आणावे लागते. अशा निर्देशांकांत सर्रास वापरली जाणारी एक रीत अशी, की सर्वांत कमी असलेल्याला शून्य, सर्वांत जास्त असलेल्याला शंभर आणि बाकीचे त्या प्रमाणात. तीन शहरांत माणशी बागांची जागा ४, ५ आणि ६ चौरस मीटर असेल, तर त्यांना ०, ५० आणि १०० गुण मिळतील. आता २४ चौरस मीटर जागा असलेले चौथे शहर यादीत आले, की पहिल्या तिघांचे गुण ०, ५ आणि १० होतात. त्यांच्या बागेतले एक झाडही हललेले नाही. पण बागांचा मुद्दा त्या तिघांपुरता जवळजवळ रद्द झाला.

तिसरी अडचण अधिक साधी आहे आणि तिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. २०१८ मध्ये पुण्याला ५८.११ आणि नवी मुंबईला ५८.०२ गुण होते. फरक नऊशतांश गुणाचा. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने साध्या फूटपट्टीने मोजून लांबी ५८.११ सेंटिमीटर लिहिली, तर आपण त्याला शेवटचा अंक खोडायला सांगतो, कारण पट्टीवर मिलिमीटरच्या खाली खुणाच नसतात. ७८ निकषांची आकडेवारी जिथे वेगवेगळ्या महापालिकांनी आपापल्या रीतीने गोळा केलेली आहे, तिथे दशांश चिन्हापुढचा दुसरा अंक कशाच्या बळावर टिकतो? दोन्ही शहरे 'जवळपास सारखी' असे म्हणणे शास्त्राला धरून झाले असते. पण 'जवळपास सारखी' हा मथळा होत नाही.

यानंतरचा निर्देशांक ४ मार्च २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. दहा लाखांवरील शहरांच्या गटात बंगळुरू ६६.७० गुणांनी पहिले आणि पुणे ६६.२७ गुणांनी दुसरे. पुणे 'घसरले', अशी बोलवा झाली. प्रत्यक्षात रीतच बदलली होती. निकष ४९ केले होते. जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २० टक्के आणि नागरिकांच्या मतसर्वेक्षणाला ३० टक्के वजन दिले होते. दिल्ली २०१८ मध्ये १११ शहरांत ६५ वी होती. आता ४९ मोठ्या शहरांच्या गटात ती १३ वी आली. तीन वर्षांत दिल्ली एवढी बदलली, असे दिल्लीकरही म्हणणार नाहीत. तापमापी बदलून पुन्हा ताप मोजायचा आणि रुग्ण सुधारला म्हणायचे, तसलाच हा प्रकार झाला.

मतसर्वेक्षणाची कल्पना आम्हांला आवडली. शहर सुखाचे आहे की नाही हे शेवटी राहणाऱ्यालाच विचारायला हवे, आणि तब्बल ३२ लाखांवर नागरिकांनी त्यात भाग घेतला. पण संख्या मोठी असली म्हणजे नमुना प्रातिनिधिक होतोच, असे नाही. कोणी उत्तर दिले यावर सारे अवलंबून असते. शिवाय माणूस परिस्थितीला सरावतो. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात रोज तासभर पाणी येऊ लागले, तर लोक समाधानी असतात. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात तासभर पाणी गेले, तर तेच लोक मोर्चा काढतील. समाधान मोजले की अपेक्षा मोजली जाते.

जागतिक क्रमवारींचा इतिहास याहून बोलका आहे. लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची क्रमवारी सर्वांना ठाऊक आहे. स्थैर्याला २५, आरोग्यसेवेला २०, संस्कृती व पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के, अशी तिची वाटणी. व्हिएन्ना २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे तीत पहिली होती. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे, हा अशा याद्यांचा एक मूळ उपयोग. तेथील घरभाडे सामान्य माणसाला परवडते का, हा प्रश्न या यादीत येत नाही. महागाईची यादी निराळी असते. मोजमाप कुणासाठी केले, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, तो असा.

दौंडचेच पाहा. मुंबई-सोलापूर हा मुख्य मार्ग आणि १८७८ मध्ये सुरू झालेला मनमाडचा फाटा येथे मिळतात. दोन्हींची रचना अशी, की पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंड स्थानकात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. प्रवाशाच्या लेखी हा निव्वळ खोळंबा. आणि ज्यांनी दौंड पाहिले ते बहुतेकांनी त्या खोळंब्यात, फलाटावरूनच पाहिले. फलाटावर चहा-वडा विकणाऱ्याच्या लेखी मात्र तीच मिळकतीची वेळ. अलीकडे कॉर्ड लाइन टाकल्यामुळे अनेक गाड्या मुख्य स्थानकात न येता वळणावरूनच पुढे जातात. पाहुण्याच्या तक्त्यात गुण वाढले. विक्रेत्याच्या तक्त्यात काय झाले? दोन्ही तक्ते खरे आहेत आणि त्यांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही.

तसेच रोज पुण्याला जाणाऱ्या चाकरमान्यांचे. त्यांची कमाई पुण्यात मोजली जाते, स्वस्त घर दौंडमध्ये असते आणि गाडीत जाणारे तास कोणत्याच शहराच्या खात्यावर पडत नाहीत. पुण्याला त्यांच्या श्रमाचा लाभ मिळतो, त्यांच्या घराची जबाबदारी मात्र येत नाही.

आमचा मुख्य आक्षेप इथेच येतो, तो हद्दीचा. भौतिकशास्त्रात ऊर्जेचा हिशेब मांडताना आपण आधी 'व्यूह' कोणता ते ठरवतो आणि सीमेतून आत काय आले, बाहेर काय गेले, ते लिहितो. शहरांच्या या हिशेबात सीमा महापालिकेची आहे. पण सीमेबाहेर काय गेले, तो रकानाच जवळजवळ कोरा आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट. याच पाण्यावर पुणे शहर जगते आणि खडकवासल्याच्या कालव्याने याच पाण्यावर हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांची शेती उभी आहे. शहराची उचल वाढली की आवर्तनाचा वाद पेटतो, हे दरवर्षीचे चित्र. पुण्याच्या नळाला पाणी भरपूर आले की 'पाणीपुरवठा' या गटात गुण मिळतात. ते कुणाच्या पाटातून कमी झाले, याचे गुण कापले जात नाहीत.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तर विचारूच नका. वापरलेले पाणी मुळा-मुठेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या कडेने वाहते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले प्रक्रिया केलेले पाणी जुन्या 'बेबी' कालव्यानेही दौंडकडे येते आणि त्याच्या दर्जाबद्दल शेतकरी वारंवार तक्रार करीत आले आहेत. जपानच्या साहाय्याने ९९० कोटी रुपयांचा नदीशुद्धीकरण प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी अकरा शुद्धीकरण केंद्रे होती. म्हणजे पुण्याला पहिला क्रमांक मिळाला त्या वर्षी एवढ्या मोठ्या क्षमतेची उणीव सरकारदरबारीच मान्य झालेली होती.

येथे नदीचे थोडे रसायनशास्त्र समजून घेतले पाहिजे. सांडपाणी नदीत पडले की त्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणू खाऊ लागतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. हवेतून प्राणवायू परत मिसळत असतो, पण सुरुवातीला खर्च जमेपेक्षा जास्त असतो. त्यामुळे सांडपाणी पडते तिथे नव्हे, तर त्याच्या बऱ्याच खाली प्राणवायूची पातळी तळाला जाते आणि मग हळूहळू सावरते. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ मध्ये याचे गणित मांडले. झोळीसारखा दिसणारा हा आलेख आजही पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला काढावा लागतो. झोळीचा तळ नेमका कुठे येईल, हे प्रवाह, तापमान आणि वाटेतले बंधारे यांवर ठरते. उन्हाळ्यात प्रवाह मंद असतो. शिवाय पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर विरघळू शकणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातच्या आसपास येतो. जमा कमी आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली. शहराच्या हद्दीत घेतलेला नमुना बरा निघेल आणि तरीही कैक किलोमीटर खाली मासे मरतील, हे या गणितात सहज बसते.

दौंडने मात्र यावरून सोवळे मिरवू नये. कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे, गावाचे गटाराचे पाणीही उतारानुसार भीमेकडेच जाते आणि पुढे उजनी धरण आहे, ज्याचे पाणी सोलापूरकर पितात. प्रत्येक गाव कुणाच्या तरी वरच्या अंगाला असते.

मग करावे काय? क्रमांक द्यायचे बंद करा, असे आम्ही म्हटले तरी ते होणार नाही. क्रमांकांची हौस शाळेतूनच लागते आणि ती लावण्यात आपलाही हात आहे. पण एकच आकडा छापण्याऐवजी प्रगतिपुस्तकासारखे विषयवार गुण छापावेत, जवळपास सारखी शहरे एका श्रेणीत ठेवावीत, आणि 'हद्दीबाहेर काय धाडले' हा एक विषय सक्तीचा करावा. नदी शहरात शिरताना आणि शहरातून निघताना पाणी कसे आहे, एवढे दोनच आकडे असले तरी पुष्कळ झाले. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडे प्रमाण ठरलेलेच आहे : विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि जैविक प्राणवायूची मागणी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम.

हे काम मंत्रालयाची वाट न पाहता शाळांनाही करता येईल. दौंडच्या बाजूने एक आणि पलीकडे श्रीगोंदा तालुक्याच्या काठाने एक, अशा दोन शाळांनी महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी नमुना घ्यावा; शक्य झाल्यास पहाटे, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडत असल्याने आकडा फुगतो. बाटली पाण्याखालीच भरून बूच लावावे, आत बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड नदीकाठीच घालावे (अल्कली शिक्षकांनीच हाताळावे). शाळेत नेईपर्यंत थांबले, तर वाटेत जिवाणू आपले काम उरकतात. आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन नंतर प्रयोगशाळेत करता येते. काठावर मात्र तेवढ्यावरूनच काही कळते : बाटलीत तपकिरी साका आला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही.