आप्तसंबंध आणि संहिता : ‘युगान्त’ची समीक्षापद्धती

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे ‘युगान्त’ (१९६७) मराठीच्या वर्गात बहुधा ललित व्यक्तिचित्रण म्हणून शिकवले जाते आणि ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) हा त्यांचा ग्रंथ समाजशास्त्राकडे सोपवला जातो. या वाटणीमुळे ‘युगान्त’मागील समीक्षापद्धती दृष्टीआड होते. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत एम.ए. (१९२८), बर्लिन येथे डॉक्टरेट (१९३०) आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन, अशी इरावतीबाईंची वाटचाल आहे. ती शिस्त महाभारताचे वाचन करताना त्यांनी बाजूला ठेवलेली नाही.

आप्तसंबंधांवरील ग्रंथात त्यांनी भारताचे चार विभाग कल्पिले. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या घरी जाते. दक्षिणेत ती बहुधा आधीच्याच नात्यात राहते. व्यक्तीला कोणते भावनिक जग लाभणार, हे अशा नियमांनी बऱ्याच अंशी ठरते, हा या मांडणीचा गाभा होय. ‘युगान्त’मध्ये हाच विचार समीक्षेचे साधन बनतो. गांधारी, कुंती, द्रौपदी यांची सद्गुणांच्या तराजूत पारख करण्याऐवजी सासरी त्यांचे स्थान काय, अधिकार कोणता, आधार कोणाचा, असे प्रश्न लेखिका विचारते. यासाठी त्यांनी भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला, हेही पद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य ‘मयसभा’ या लेखात दिसते. खांडववनाच्या दहनात पळणाऱ्या जीवांना पुन्हा आगीत लोटले जाते, हे संहिताच सांगते. भूमी हस्तगत करणाऱ्या समाजाचे क्रौर्य म्हणून केलेले त्याचे वाचन या उघड तपशिलावर उभे आहे.

‘पितापुत्र’ या लेखात मात्र पेच निर्माण होतो. युधिष्ठिराचा पिता विदुर असावा, हे येथील अनुमान. मांडव्याच्या शापामुळे धर्म विदुररूपाने जन्मतो. युधिष्ठिर धर्माचा पुत्र. आणि अखेरीस विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. दिराकडून नियोगाची रूढी या दुव्यांना जोडते. अनुमान आकर्षक आहे. परंतु व्यासांचा नियोग उघडपणे सांगणारी संहिता येथेच मौन का पाळते? दासीपुत्राच्या पितृत्वाने राज्यावरील हक्क डळमळला असता, असे उत्तर देता येईल. पण मग संहितेचे कथन हा पुरावा आणि तिचे मौन हाही पुरावा ठरतो. ज्या प्रतिपादनाचे खंडन कोणत्याही पाठाने होऊ शकत नाही, त्याला समीक्षेत सिद्धान्ताचा दर्जा कसा द्यावा? रूढी एखादी घटना शक्य असल्याचे दाखवते. ती घडल्याचे सिद्ध करीत नाही.

या आक्षेपाने ‘युगान्त’चे मोल उणावत नाही. साहित्याच्या समाजशास्त्रीय समीक्षेत आज संहितेतील प्रत्येक मौनामागे दडपलेले सत्य शोधण्याचा मोह प्रबळ आहे. अशा वेळी ‘मयसभा’ आणि ‘पितापुत्र’ हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत. संहितेचे विधान कोठे संपते, रूढीचे ज्ञान कोठे सुरू होते आणि अनुमानाची जबाबदारी समीक्षकावर कोठे येऊन पडते, हे त्यांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सैद्धान्तिक पाठ्यग्रंथातून क्वचितच होईल.